दिवेलागणीला कोंबड्या डालताना

ज्यांनी कोंबड्या कधी पाळल्या नाहीत त्यांना वाटतं, रोज संध्याकाळी त्यांच्यामागे पळून त्यांना आत कोंबावं लागत असेल. हिंगणघाटला गावाच्या कडेच्या वस्तीत, जिथे घर आणि शेत यांच्यात एखादं काटेरी कुंपणच काय ते असतं, तिथे संध्याकाळी उभं राहिलं तर वेगळंच दिसतं. दिवस कलला की कोंबड्या आपण होऊन खुराड्याभोवती घुटमळायला लागतात. एक दारातून मान आत घालते, मागे येते, दोन दाणे टिपते, पुन्हा डोकावते. बराच वेळ हा घोळ चालतो. अशा वेळी काठी घेऊन मागे लागणं म्हणजे होत असलेलं काम बिघडवणं.

त्या घुटमळतात ते अंधाराच्या धाकाने. दिवसा कोंबडीची नजर माणसापेक्षा सरस असते. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही तिला दिसतात. पण मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी तिच्या डोळ्यात कमी, त्यामुळे अंधारलं की ती जवळजवळ आंधळीच होते. तिचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा रात्र झाडावर काढतो, आणि फांदी दिसते आहे तोवरच त्याला वर चढावं लागतं. पाळीव कोंबडीत ती घाई अजून तशीच आहे. म्हणून तिचं घड्याळ सूर्यावर चालतं: हिंगणघाटला डिसेंबरात ती पावणेसहाच्या आतबाहेर परतते, जूनमध्ये सात वाजतात. घरातली माणसं चहा-स्वयंपाकाची वेळ सांभाळतात, पण खुराड्याचं दार उघडं असायला हवं ते तिच्या वेळेला.

माणसाचं खरं काम त्याआधीचं. दुपारनंतर पोटभर चारा टाकला तर संध्याकाळी हाक मारून उपयोग नाही. जाणत्या बाया मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी मुद्दाम मागे ठेवतात आणि ती खुराड्याच्या आतच टाकतात. भांडं वाजवून 'आ आ आ' केलं की दूरवर उकरत बसलेलीही पळत येते. या भागात आणखी एक अडचण असते, ती पऱ्हाटीची. कापूस संपला की सरपणाला रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात कोंबड्या अंडी घालतात, खुडूक झालेली तर तिथेच बसून राहते. मोजणीत एक कमी भरली की आधी तो ढीग पाहायचा.

आत गेल्या म्हणजे सगळं झालं असं नाही. आडव्या दांड्यावर जागेसाठी चोची चालतात, एखादी खाली ढकलली जाते, ओरडत पुन्हा चढते. कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या थोरलेइफ श्येल्डरूप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. लहानपणापासून त्यांनी घरच्या कोंबड्या निरखल्या होत्या. दांड्यावर ही उतरंड उघड दिसते. उंच जागा सगळ्यांनाच हवी असते, म्हणून दांडे एकाच उंचीवर आणि कोंबडीमागे वीतभर जागा ठेवली की भांडण बरंच निवतं. अंड्यांची खोकी मात्र दांड्यापेक्षा खाली हवीत. नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात.

खरी शिकवणी लागते ती बाजारातून आणलेल्या नव्या कोंबड्यांना. त्यांना थेट अंगणात सोडलं तर संध्याकाळी त्या बावरतात आणि मिळेल तिथे बसतात. सुरुवातीचे काही दिवस दाणापाणी देऊन त्यांना खुराड्यातच ठेवावं लागतं. मग हीच आपली रात्रीची जागा, हे त्यांच्यात मुरतं. बंगळूरला तयार झालेल्या गिरिराजासारख्या जड अंगाच्या जातीला झाडावर जाणं झेपत नाही. गावरान पक्षी मात्र हलका, तो सरळ निंबावर जातो. मग सून-सासूत असं बोलणं होतं:

"आत्याबाई, कोंबडा निंबावर चढला वाटते."
"चढू दे. अंधार पडला का काढू त्याले. आता दगड माराल तं अजून वर जाईन."

सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. गडद अंधारात कोंबडा निपचित बसतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचलला तर फडफडतही नाही. त्याला आत दांड्यावर नेऊन ठेवायचं, आणि रोज ठेवत राहायचं.

पण रोज नीट जाणाऱ्या कोंबड्या अचानक दाराशी अडून बसल्या, तर दोष त्यांच्यात शोधू नये. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा दांड्याच्या फटीत दडतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. रात्री दांड्याखालून पांढरं फडकं फिरवलं आणि त्यावर तांबडे डाग उठले, तर उत्तर मिळालं. खुराडं रिकामं करून फटी खरवडायच्या, चुना लावायचा, जुने दांडे जाळून टाकायचे. दुसरं कारण उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते. पत्र्याचं बंद खुराडं तेव्हा रात्रीही तापलेलं असतं, तिथे जायला ती नाकारणारच. दोन बाजूंना बारीक जाळी आणि पत्र्यावर तुराट्यांचा थर, एवढ्याने फरक पडतो. तिसरं कारण अलीकडचं, रस्त्यावरच्या दिव्यांचं. लख्ख उजेड अंगणात पडत असेल तर तिच्या लेखी संध्याकाळ होतच नाही. अशा घरी खुराड्याचं तोंड दिव्याकडून फिरवून घ्यावं लागतं.

शेवटी मोजणी आणि कडी. नुसतं दार लोटून भागत नाही. रानमांजर आणि भटकी कुत्री सैल दार पंजाने ओढतात, साप बोटभर फटीतून शिरतो. पिल्लं असलेली कोंबडी दांड्यावर चढत नाही, जमिनीवरच पंखाखाली पिल्लं घेऊन बसते. तिला वेगळ्या डालग्याखाली झाकून वर दगड ठेवतात.

सकाळी दार कधी उघडायचं ते कोंबडा सांगतो. झाकला तरी तो आरवायचा राहत नाही, हे मराठी माणसाला म्हणीतून माहीत आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तेव्हाही ते पहाटेच्या सुमारास आरवत राहिले. वेळ त्यांच्या शरीरातच असते. त्यामुळे शेजाऱ्यांची झोप वाचवायला गोणपाट टाकून उपयोग नाही, खुराडंच त्यांच्या खिडकीपासून लांब बांधायला हवं.