कटकटणारा सांधा : स्वतः बदलावा की कारागिराकडे द्यावा?

आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढील चाकांना एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. त्यांनी गाडी ओढावयाची असते आणि त्यांनीच वळावयाचे असते. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ज्या पोलादी दांड्याने चाकापर्यंत पोचते, तो दांडा स्वतः वाकू शकत नाही. चाक मात्र वळणावर तिरपे होते आणि खड्ड्यातून जाताना वरखाली हलते. यास्तव या दांड्याच्या दोन्ही टोकांस सांधे बसविलेले असतात. हे सांधे झिजले म्हणजे वळणावर कट्‌-कट्‌ असा आवाज येऊ लागतो आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो : हे काम आपण घरी करावे, की कारागिराकडे सोपवावे? प्रश्न केवळ पैशांचा नाही. या कामात माणसाला कित्येक क्विंटल वजनाच्या यंत्राजवळ, प्रसंगी त्याच्याखाली, हात घालावा लागतो. म्हणून उत्तर देण्यापूर्वी या सांध्याचे कार्य समजून घेणे इष्ट होय.

सांध्यामागील कल्पना

तिरप्या दांड्यांना जोडणारा जुना सांधा म्हणजे दोन चिमट्यांमध्ये बसविलेली फुली. सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने त्याचा उपयोग केला व त्याच्या नावानेच तो ओळखला जातो. या सांध्यात एक दोष आहे. एक दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. दांड्यांमधील कोन ३० अंशांचा असेल, तर हा वेग मूळ वेगाहून सुमारे १३ टक्क्यांनी कमी आणि सुमारे १५ टक्क्यांनी अधिक असा हेलकावत राहतो. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या, मागील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत कोन लहान असल्याने हा सांधा चालून गेला. पुढील चाके पूर्ण वळवून गाडी चालवावयाची, तर असे हिसके सोसवणारे नव्हते.

यावर एक उत्तम उपाय आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात शोधून काढला. त्याच्या सांध्यात एक आतील व एक बाहेरील वाटी असते. दोहोंत खोबणी कोरलेल्या असून त्यांत सहा पोलादी गोळ्या बसतात. गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा त्यांना सदैव दोन्ही दांड्यांमधील कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात राखतो. त्यामुळे दोन्ही दांड्यांचा वेग प्रत्येक क्षणी समान राहतो. म्हणून यास समवेगी सांधा, कारागिरांच्या भाषेत सी. व्ही. जॉइंट, असे म्हणतात. १९५९ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘मिनी’ मोटारीने या सांध्याचा प्रसार केला. भारतात १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० नंतर तो असंख्य कुटुंबांच्या दारी पोचला.

सांधा का झिजतो?

सांध्याभोवती रबराचे घडीदार आवरण असते. कारागीर त्यास बूट म्हणतात. आत मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले ग्रीस भरलेले असते. बूट अखंड आहे तोवर सांधा वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही. पण वयाने किंवा दगड लागून बूट फाटला, की फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर उडते, आणि धूळ व पाणी आत शिरते. धूळ व उरलेले ग्रीस यांचा लगदा घासणीच्या चूर्णासारखा खोबणी खरवडू लागतो. चाकाच्या आतील बाजूस ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले, तर बूट फाटल्याची ती खूण समजावी. याच वेळी, आवाज सुरू होण्यापूर्वी, सांधा स्वच्छ करून नवे ग्रीस व नवा बूट घातल्यास तो बहुधा वाचतो. आवाज सुरू झाल्यावर मात्र केवळ बूट बदलून उपयोग नाही. खरवडलेले पोलाद भरून येत नाही.

निदान प्रथम

मोकळ्या जागी चाके पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. वेग देताच कट्‌-कट्‌ ऐकू आल्यास बाहेरचा, चाकाकडील सांधा झिजला असण्याचा संभव अधिक. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर आतील, गिअरबॉक्सकडील सांध्याचा संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढत जाणारी सततची घरघर ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. निदान चुकले तर चांगला भाग निघतो आणि झिजलेला तसाच राहतो.

कटकटणारा सांधा लगेच तुटेलच असे नाही. परंतु तुटल्यास त्या बाजूचा दांडा मोकळा फिरतो आणि शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : अशा वेळी गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर थांबेल याचा भरवसा राहत नाही. हातब्रेक लावणे अत्यावश्यक.

कामात काय करावे लागते?

चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट सैल करणे ही पहिली परीक्षा. तो गाडीनुसार सुमारे २०० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळलेला असू शकतो. ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने तो फिरवावयाचा, तर टोकाशी ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. एक मीटर लांबीचा पाना असल्यास हाच जोर २०० न्यूटनवर, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅमवर येतो. गंज चढला असेल, तर यापेक्षा अधिक. एवढा जोर उचललेल्या गाडीवर लावणे धोक्याचे असल्याने, चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून धरून, नट किंचित सैल करून घेतात.

यानंतर गाडी उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी लागते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधाराचे नव्हे. विटा तर मुळीच नव्हेत. पुढे चाक काढणे, खालचा बॉल जॉइंट सोडविणे, दांडा चाकाच्या मध्यातून व मग गिअरबॉक्समधून ओढून काढणे असा क्रम येतो. गिअरबॉक्समधील तेल सांडते. ते पुन्हा भरावे लागते. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागल्यास तो नळीवर लोंबकळत ठेवू नये. दांडा काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलू नये, कारण अनेक गाड्यांत बेअरिंगचे भाग त्या दांड्यानेच एकत्र आवळलेले असतात. शेवटी मोठा नट नवा घालून, पीळ मोजणाऱ्या पान्याने, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळावयाचा असतो. अंदाजाने आवळलेला नट बेअरिंगचा नाश करतो किंवा वाटेत सैल होतो.

निर्णय

अशा स्थितीत पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत. निदान निश्चित आहे काय? सपाट व कठीण जमीन, घोड्या, लांब पाना आणि पीळ मोजणारा पाना उपलब्ध आहेत काय? त्याच गाडीची पुस्तिका हाती आहे काय? जवळ एक जाणते माणूस आहे काय? आणि काम अर्धवट अडले तर दोन-तीन दिवस गाडीवाचून निभेल काय? पाचही प्रश्नांस होकार असेल, तर काळजीपूर्वक काम करणाऱ्यास हे अशक्य नाही. त्यातही केवळ सांधा बदलण्यापेक्षा दोन्ही सांध्यांसह तयार दांडा बसविणे नवख्यास सोपे पडते. मात्र त्याची लांबी, दातऱ्यांची संख्या आणि अँटिलॉक ब्रेकचे कडे असल्यास तेही जुन्याशी ताडून घ्यावे.

यांपैकी घोड्या, जमीन अथवा पीळ मोजणारा पाना यांबाबत उत्तर नकारार्थी असेल, तर काम कारागिराकडे द्यावे. मजुरीपोटी दिलेले पैसे अनुभवाबरोबरच त्याच्या साधनांचेही असतात, आणि अशी साधने एका कामासाठी विकत घेणे पुष्कळदा महाग पडते. एक गोष्ट मात्र कोणत्याही मालकास विनासायास करता येण्याजोगी आहे : दर काही महिन्यांनी चाके वळवून, विजेरीच्या प्रकाशात चारही बूट पाहावेत. भेग वेळीच दिसली, तर सांधा बदलण्याचा प्रश्नच पुष्कळदा उद्भवत नाही.