रक्तदाब १३२/८४ : निरोगी की रुग्ण?

नवी दिल्ली : रक्तदाबाचा १३२/८४ हा आकडा अमेरिकेत उच्च रक्तदाबाच्या पहिल्या टप्प्यात मोडतो. भारतातील सरकारी आरोग्य केंद्रात मात्र तेवढ्यावरून कोणालाही उच्च रक्तदाबाचा रुग्ण ठरवले जात नाही. फरक मोजणीचा नसून मर्यादारेषेचा आहे.

हृदय आकुंचन पावताना धमन्यांच्या भिंतींवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मधला दाब म्हणजे खालचा. प्रौढांमध्ये १२०/८० च्या आतील दाब चांगला, याबद्दल फारसा वाद नाही. मतभेद त्यापुढे सुरू होतात. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची मर्यादा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतातील राष्ट्रीय कार्यक्रम १४०/९० हीच मर्यादा मानतात. १३० च्या पुढे सर्वांनाच गोळी सुरू करावी, असे अमेरिकी निकषही सांगत नाहीत; मात्र हृदयविकार वा मधुमेह असलेल्यांनी हा आकडा दुर्लक्षू नये.

या मतभेदापेक्षा घातक आहे तो ‘वय अधिक शंभर’ हा घरोघरी रुळलेला जुना ठोकताळा. त्यानुसार साठीच्या माणसाला १६० चालतो! वयानुसार धमन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढतो हे खरे. पण सर्रास आढळणारे ते सुरक्षित असते असे नाही. १६० चा दाब साठीतही पक्षाघाताचा धोका वाढवतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ वर्षांवरील २१ टक्के महिला व २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषधे सुरू होती.

एका मोजणीवरून निदान होत नाही. जिना चढून येताच, चहा किंवा तंबाखूनंतर, पायावर पाय टाकून अथवा बोलत असताना घेतलेली नोंद फसवी असते. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तरी आकडा वाढतो. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडताळावे. दवाखान्यात अनेकांचा दाब चढतो, म्हणून घरच्या नोंदींसाठी मर्यादा १३५/८५ धरतात.

गोळ्या घेणाऱ्याचा दाब १२० वर आला, तर तो बहुधा गोळ्यांमुळे आलेला असतो. त्या परस्पर बंद केल्यास तो पुन्हा चढतो. दाब १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, अंधुक दिसणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.