आजीचा चौविहार आणि केळव्याचा तंबू

चातुर्मास संपला, दिवाळीचा हिशेब मिटला, की व्यापारी घरांतून सहलीची कुजबुज सुरू होते. पालघर, बोईसर-तारापूरच्या कुटुंबांना त्यासाठी फार लांब जावयास नको. चिंचणीचा किनारा जवळचा खरा, परंतु मुक्कामास आम्हांला केळवे अधिक भावते. तेथील सुरूबनालगत देखणी रिसॉर्टे आहेत. काही ठिकाणी तंबूंचीही सोय असते.

मात्र ‘माझ्या चौविहाराचे काय?’ असे म्हणून आजीच घरी राहणार असेल, तर ती सहल कुटुंबाची कशी म्हणावी? डिसेंबरात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रिसॉर्टमधील आचारी तेव्हा कुठे रात्रीच्या स्वयंपाकास लागतो. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे: पाच वाजता ताट वाढाल काय? भांडी वेगळी मिळतील काय? कंदमुळे वगळून काय रांधाल? नवकारशीनंतरची, म्हणजे सूर्योदयापासून ४८ मिनिटे उलटल्यावरची न्याहारी आणि उकळलेले पाणीही सांगून ठेवावे. उत्तर मोघम आले, तर ओळखीचा महाराज सोबत न्यावा. खर्च वाढतो, पण आजी येते.

भोजन वेळेत आटोपले की सूर्यास्त निवांत पाहता येतो, ही वरकड कमाई! रात्र शक्यतो पौर्णिमेची निवडावी. चांदणे पुरते, शेकोटी लागत नाही आणि तिच्यावर झेपावणारे कीटकही वाचतात. पौर्णिमेला सायंकाळी दूर ओसरलेला समुद्र मध्यरात्रीच्या सुमारास मोठ्या भरतीने परततो. तेव्हा तंबू वाळूवर नव्हे, सुरूंच्या आतल्या बाजूस ठोकवून घ्यावा.