गाई, म्हशी व शेळ्यांतील हर्पिस वर्गाचे रोग

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे वसलेले आहे. या भागात पाऊस बेताचा व बेभरवशाचा असल्याने शेतीला दुभत्या जनावरांची व शेळ्यांची जोड दिल्यावाचून कुटुंबाचा निर्वाह नीट होत नाही. उस्मानाबादी शेळी ही तर या जिल्ह्याची ओळखच होय. काटक शरीर, कमी चाऱ्यावर गुजराण आणि जुळी करडे देण्याचा गुण यांमुळे अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना तिचा मोठा आधार वाटतो. अशा घरी गाभण जनावर ही एक प्रकारची ठेवच असते. गाय सुमारे नऊ महिने, म्हैस दहा महिने आणि शेळी पाच महिने गर्भ वाढविते. सातव्या महिन्यात गाय गाभडली, तर वासरू जाते, त्या वेताचे दूध बुडते आणि पोटात घातलेला चाराही वाया जातो.

गाभडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका कारणाकडे, म्हणजे हर्पिस वर्गाच्या विषाणूंकडे, आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हे विषाणू कसे वागतात हे नीट समजले, तर पुष्कळ नुकसान टाळता येते.

विषाणूचा स्वभाव

माणसाला होणारी नागीण सर्वांच्या परिचयाची आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो व पुढे अंगातील शक्ती कमी झाली की नागिणीच्या रूपाने बाहेर पडतो. जनावरांचे हर्पिस विषाणू हे याच कुळातील, परंतु निराळे होत. गाई-म्हशींना व शेळ्यांना होणारे या लेखातील रोग माणसास होत नाहीत. मात्र दडून राहण्याची खोड सर्वांची सारखीच आहे. एकदा लागण झालेले जनावर बरे झाले, अंगाने भरले, दूध देऊ लागले, तरी ते आयुष्यभर रोगवाहक राहते. विणे, लांबचा प्रवास, उपासमार, दुसरा आजार किंवा कॉर्टिझोन जातीच्या औषधांचा वापर यांमुळे शरीरावर ताण पडला की दडलेला विषाणू पुन्हा जागा होतो आणि शेजारच्या जनावरांकडे जातो. म्हणून जाणकाराच्या सल्ल्यावाचून गाभण जनावरास अशी इंजेक्शने देऊ नयेत.

गाई-म्हशींतील आय. बी. आर.

या वर्गातील सर्वांत महत्त्वाचा रोग म्हणजे नाक व श्वासनलिका यांचा सांसर्गिक दाह. पशुवैद्यक त्यास आय. बी. आर. असे म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, गुरांना एकत्र कोंडून पोसण्याच्या गोठ्यांत, तो प्रथम ध्यानात आला. भारतात त्याचा विषाणू १९७६ साली उत्तर प्रदेशात वेगळा करण्यात आला. त्यानंतर देशाच्या बहुतेक भागांत रक्ततपासणीत त्याच्या खुणा आढळल्या आहेत.

रोग दोन वाटांनी पसरतो. पहिली वाट नाकाची होय. रोगी जनावराच्या नाकातील स्राव, खोकल्याचे तुषार आणि एकाच हौदात पाणी पिणे यांतून लागण होते. दोन ते सहा दिवसांत ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. नाकाची आतील त्वचा लालभडक होते, नाकातून प्रथम पाण्यासारखा व नंतर घट्ट स्राव वाहतो, डोळे लाल होऊन पाझरतात, जनावर खोकते आणि दूध एकदम घटते. गुंतागुंत न झाल्यास दहा ते चौदा दिवसांत जनावर सुधारते. फुफ्फुसात दुसऱ्या जंतूंनी शिरकाव केल्यास मात्र जीवावर बेतते.

दुसरी वाट रेताची होय. रोगवाहक वळूपासून भरविलेल्या गायीच्या योनीत बारीक पुटकुळ्या व फोड उठतात. ती शेपटी उचलून धरते, वारंवार थोडी थोडी लघवी करते आणि पुन्हा उलटते. वळूच्या शिश्नावरही तसेच फोड येतात व तो गायीवर चढण्यास नाखूष असतो.

तिसरा परिणाम सर्वांत खर्चिक असतो, तो म्हणजे गर्भपात. तो बहुधा चौथ्या महिन्यानंतर होतो. ताप येऊन गेल्यावर काही आठवडे, कधी दोन महिनेही मध्ये जातात. त्यामुळे मालकाच्या मनात ते जुने पडसे आणि आजचा गर्भपात यांचा मेळ बसत नाही. तो दोष चाऱ्याला, उन्हाला किंवा दृष्ट लागण्याला देतो. रोग तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी दुसरी गाय गाभडते. म्हशींनाही हा विषाणू लागतो. म्हशींचा स्वतःचा एक जवळचा विषाणूही आहे, परंतु त्याने बहुधा ठळक लक्षणे दिसत नाहीत.

शेळ्यांतील हर्पिस

शेळ्यांचा हर्पिस विषाणू गायींच्या विषाणूचा भाऊबंद होय. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया व स्वित्झर्लंड येथे तो प्रथम ओळखला गेला. मोठ्या शेळीत तो पुष्कळदा निमूटपणे राहतो. काही शेळ्यांच्या योनीवर फोड व खपल्या येतात. गाभण शेळी उत्तरार्धात गाभडते. पहिल्या एक-दोन आठवड्यांतील करडांना मात्र हा विषाणू प्राणघातक ठरतो. ताप, हगवण व अशक्तपणा येऊन करडू लवकर दगावते. प्रसार मुख्यतः बोकडामार्फत होतो. जळकोटसारख्या गावात अनेक घरांच्या शेळ्या एकाच बोकडाकडे नेण्याचा रिवाज आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एका बोकडाची निवड किती घरांच्या हिताशी निगडित आहे ते कळेल.

मेंढ्यांपासून गायीस होणारा ज्वर

रानात मेंढ्या बसविणे ही आपल्या शेतीतील चांगली चाल आहे. लेंडीखताने जमिनीचा कस वाढतो. परंतु मेंढीच्या अंगी एक हर्पिस विषाणू निरुपद्रवी पाहुण्यासारखा राहतो. मेंढीला त्याचा त्रास होत नाही. तो गाय किंवा म्हैस यांच्या शरीरात गेला, तर मारक ज्वर होतो. त्यास मॅलिग्नंट कटारल फीवर म्हणतात. फार मोठा ताप, डोळ्यांचे बुबुळ पांढरे पडणे, नाकातून घट्ट स्राव, तोंडात व्रण आणि गळ्याच्या गाठी सुजणे ही त्याची लक्षणे होत. बहुतेक रोगी जनावरे मरतात. जुन्या शेतकऱ्यास हे पाहून बुळकांडीची आठवण होईल. परंतु बुळकांडी भारतातून गेली असून २००६ साली देश तिच्या संसर्गापासून मुक्त घोषित झाला व २०११ साली ती जगातूनच नष्ट झाल्याचे जाहीर झाले. हा ज्वर गायीपासून गायीस लागत नाही. तो मेंढीकडूनच येतो. म्हणून मेंढ्या जरूर बसवाव्यात, मात्र त्यांना गाई-म्हशींच्या गोठ्यापासून, गव्हाणीपासून व पाण्याच्या हौदापासून दूर ठेवावे.

रोगाची खात्री कशी करावी

गाभडलेले प्रत्येक जनावर हर्पिसचेच असते असे नाही. ब्रुसेला जंतूमुळे होणारा सांसर्गिक गर्भपात अधिक धोक्याचा आहे, कारण तो माणसास लागतो. शेळ्यांत पीपीआरमुळेही गर्भपात होतो. केवळ डोळ्यांनी पाहून यांतला फरक करता येत नाही. म्हणून गाभडलेला गर्भ व जार उघड्या हातांनी उचलू नयेत. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी. पशुधन विकास अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे. ते गर्भाचे, जारेचे व नाकातील स्रावाचे नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवितील. पुण्यास औंध येथे शासनाचा रोग अन्वेषण विभाग आहे. रक्ताचे दोन नमुने तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतल्यास लागण ताजी की जुनी हे समजते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

२००९ च्या केंद्रीय कायद्याने जनावरांचे काही सांसर्गिक रोग कळविणे मालकावर बंधनकारक केले आहे व आय. बी. आर. त्या यादीत आहे.

बंदोबस्त

विषाणूवर औषध नाही. जंतुनाशक औषधे दिली जातात ती फुफ्फुसातील दुसऱ्या जंतूंसाठी. लस निघाली आहे, परंतु ती द्यावी की नाही हे कळपाची तपासणी करून पशुवैद्यकानेच ठरवावे. कारण साध्या लशीनंतर रक्ततपासणीत लस दिलेले व रोगवाहक असे दोन्ही प्रकार एकसारखेच दिसतात. म्हणून खरा भर पुढील दक्षतेवर द्यावा.

१. बाजारातून आणलेले जनावर एक महिना वेगळे बांधावे. त्याची भांडी व चारा निराळा ठेवावा. शक्य असल्यास त्याचे रक्त तपासून घ्यावे.

२. गावातील भटक्या किंवा अनोळखी वळूकडून गाय भरवू नये. मान्यताप्राप्त केंद्राचे गोठविलेले रेत वापरावे. हा विषाणू गोठविलेल्या रेतातही टिकतो. म्हणूनच केंद्रीय नियमांनुसार वीर्यकेंद्रातील वळूंची आय. बी. आर.साठी तपासणी केली जाते.

३. करडांचा मृत्यू वा गर्भपात ज्या कळपात वारंवार होतो, तेथील बोकड अन्य कळपात देऊ नये.

४. गाभडलेले जनावर वेगळे करावे. गर्भ, जार व भिजलेला पेंढा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नये. जमीन फिनेलने किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. हा विषाणू अशा द्रव्यांनी सहज मरतो.

५. गाभण जनावरांस उन्हाळ्यात पुरेसे पाणी, सावली व चारा द्यावा. ताण कमी, तर दडलेला विषाणूही शांत.

एक गोष्ट विशेष जपावी. गाय गाभडली की तिला पुढच्याच बाजारी विकून टाकण्याकडे मनाचा कल होतो. पैशांची निकड समजण्यासारखी आहे. तथापि रोग न तपासता विकलेली गाय दुसऱ्या कुटुंबाच्या गोठ्यात तोच तोटा घेऊन जाते आणि त्याच बाजारातून पुढे दुसऱ्याची तशीच गाय आपल्या दावणीला येते. डेन्मार्क, स्वीडन व स्वित्झर्लंड यांसारख्या देशांनी तपासणी करून व रोगवाहक जनावरे हळूहळू कळपातून कमी करून आय. बी. आर. हटविला. आपल्याकडे एवढे साधण्यास वेळ लागेल, परंतु सुरुवात गावातच करता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यासाठी एक साधी वही ठेवावी. तीत गाभडलेल्या जनावराच्या मालकाचे नाव, गर्भाचा महिना, कोणत्या वळूकडून किंवा कोणत्या रेतकांडीने भरविले, आधी ताप-पडसे आले होते का आणि मागील तीन महिन्यांत गोठ्यात नवे जनावर आले होते का, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. एकट्या शेतकऱ्यास जे दैव वाटते, ते दहा नोंदी शेजारी ठेवल्या की बहुधा कारण ठरते. ती वही घेऊन दवाखान्यात गेल्यास पशुवैद्यकाचे काम निम्मे हलके होईल.