शेड नाही, गाडी कुठे लावायची?



खराडी गावठाणाच्या दाटीत मोटारसायकलला वेगळी शेड कुठून आणायची? म्हणून पावसाळ्यात बरेच जण गाडी घरात नाहीतर खताच्या खोलीत लावतात. दोन्ही टाळा.

*घरात का नको?*
पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. गॅसची शेगडी, देवाचा दिवा किंवा बटणाची ठिणगीही आगीला पुरते. जिन्याखाली गाडी असेल तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

*खताजवळ का नको?*
युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढतात. पोटॅशमधल्या क्लोराईडने चेन, रिम लवकर गंजतात.

*मग कुठे?*
ओसरीत किंवा पत्र्याखाली, हवा खेळेल अशा जागी.

✅ स्टँडखाली फळी ठेवा, ओल्या मातीत स्टँड रुततो.
✅ सायलेन्सर गार झाल्यावरच झाका. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत पाणी सुटतं. खालून मोकळी ठेवा.
✅ चिखल धुवा, चेन पुसून तेल द्या.
✅ शेजारी धान्याच्या गोण्या नकोत. उंदीर येतात, वायरी कुरतडतात.
✅ गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल शोषतं. बॅटरीची मायनस वायर काढा.

⚠️ *मुळा-मुठेकाठचे सभासद:* खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची सूचना येताच गाडी उंचावर न्या. गाडी पाण्यात बुडाली असेल तर किक किंवा सेल्फ मारू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

शंका असेल तर याच नंबरवर मेसेज करा.
– आपला कृषी सल्लागार