पायांखालचा ज्वालामुखी आणि विहिरीचें पाणी

ज्वालामुखी म्हटला कीं धूर ओकणारा एखादा दूरदेशीचा पर्वत आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु नांदगांव खंडेश्वरची पेठ ज्या काळ्या खडकावर वसली आहे, तो खडक ज्वालामुखीचीच करणी होय, हें किती जणांच्या ध्यानांत आहे?

पृथ्वीच्या पोटांतील तप्त खडक वर सरकूं लागला म्हणजे त्यावरील दाब कमी होऊन तो वितळूं लागतो. हा रस हलका असल्यामुळें वर चढतो व त्यांत विरघळलेले वायु मोकळे होऊन त्यास बाहेर लोटतात. रस दाट असल्यास वायु कोंडून स्फोट होतो. १८८३ सालीं क्राकाटोआ बेटावर असाच अनर्थ झाला. रस पातळ असल्यास तो पुरासारखा पसरतो. दख्खनांत हा दुसरा प्रकार घडला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस लांबच लांब भेगा पडून लोंढ्यावर लोंढे थिजले. आज त्यांचा विस्तार सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर उरला आहे. आमची कपाशीची काळी जमीन ह्याच खडकाच्या झिजेची.

हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नव्हे. घट्ट काळ्या पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें मुरमांत, खडकाच्या चिरांत व दोन लोंढ्यांच्या सांध्यांत सांपडतें. म्हणूनच एका शेतांतील विहीर भरते व शेजारची कोरडी राहते. ह्यांत दैवाचा कोप नाहीं. तरीही तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्याच्या शब्दावर शेतकरी कर्ज काढतो! त्याचें सांगणें पुष्कळदां खरें ठरतें, असें कोणी म्हणेल. परंतु मुरमाड भागांत पुष्कळ ठिकाणीं खणलें तरी थोडें पाणी लागतें. लागलेली विहीर गांव वर्षानुवर्षें सांगतो, कोरडी कोणी मोजीत नाहीं. व्याज मात्र दोहोंवर चढतें, आणि शेतकऱ्याचें बुडालेलें कर्ज अखेर पेठेच्याच वहींत बुडतें.

आमची सूचना साधी आहे. खणण्यापूर्वीं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. प्रत्येक गांवानें आपल्या विहिरींचे थर, त्यांची खोली व पाणी कोठें लागलें ह्यांची नोंद ठेवावी, आणि कर्ज देणाऱ्यानें ती पाहिल्याशिवाय पैसा सोडूं नये. खडकाला नवस कळत नाहीं. त्याची रचना मात्र आपणांस कळूं शकते.