खड्गचंचूची फिरती

कीतो शहराच्या पश्चिमेस पिचिंचा ज्वालामुखीचा जो अवाढव्य पसारा आहे, त्याच्या वायव्य उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3500 मीटर उंचीवर, यानाकोचा नावाचे एक राखीव अरण्य आहे. वर्षाचा बराचसा काळ येथे ढगांचाच अंमल चालतो. झाडांत शिरलेले बाष्प दिवसभर पानांवरून ठिबकत राहते, आणि वृक्षांची खोडे, फांद्या, इतकेच काय पण पायवाटेकडेचे दगडही शेवाळाच्या व नेच्यांच्या आच्छादनाखाली नाहीसे झालेले असतात. इक्वेडोरमधील होकोतोको या संस्थेने हे रान राखले ते मुख्यतः काळ्या छातीच्या एका अतिदुर्मिळ हमिंगबर्डसाठी. परंतु त्याच रानात त्याचा एक भाऊबंद नांदतो, आणि त्याचे दिवसभराचे काम जवळून पाहावे एवढ्याच हेतूने मी या थंड, विरळ हवेत मुक्काम केला होता. स्थानिक लोक त्याला स्पॅनिशमध्ये ‘कोलिब्री पिको एस्पादा’ म्हणतात. या लेखापुरते मी त्यास खड्गचंचू म्हणेन.

व्हेनेझुएलाच्या पश्चिम भागापासून कोलंबिया, इक्वेडोर व पेरू या देशांतून बोलिव्हियापर्यंत अँडीज पर्वताचे जे दमट उतार पसरले आहेत, त्यांवर साधारणतः 2400 ते 3500 मीटर उंचीच्या पट्ट्यात या पक्ष्याचे वास्तव्य असते. वजन 12 ग्रॅमच्या आसपास, नराचा वर्ण हिरवा, मस्तकावर ताम्रवर्णाची झाक, मादीच्या फिकट गळ्यावर व छातीवर हिरवट ठिपके, शेपूट दुभंगलेली. साडेतीनशेंहून अधिक जातींच्या या कुळात एवढ्या वर्णनाने कोणीही उठून दिसणार नाही. परंतु या इवल्याशा देहापुढे जी काळी, टोकाकडे किंचित वर उचललेली चोच आहे, ती 9 ते 11 सेंटिमीटर लांब असते. आणि शेपूट वगळता उरलेल्या सबंध देहाहून जिची लांबी अधिक भरते, अशी चोच पृथ्वीवरील दुसऱ्या कोणत्याही पक्ष्यास नाही.

जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने 1849 पासून हमिंगबर्डांवरील आपला भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, 1851 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डांचे प्रदर्शन मांडून हजारो प्रेक्षकांचे डोळे दिपवले, आणि एवढे सर्व झाल्यावर, 1857 साली फिलाडेल्फियास गेला असता, आयुष्यात प्रथमच जिवंत हमिंगबर्ड पाहिला. त्याच्या विद्वत्तेविषयी मला नितांत आदर आहे. तरीही पेटीतल्या खड्गचंचूकडे पाहून त्या चोचीचा अर्थ उमगणे शक्य नाही, कारण त्या चोचीचा उत्तरार्ध पक्ष्याच्या देहात नसून एका फुलात आहे. दोन्ही एकत्र आलेली पाहिल्यावाचून दोहोंपैकी एकही पुरते कळत नाही.

ते फूल म्हणजे आपल्या कृष्णकमळाचे सख्खे भावंड. महाराष्ट्रात कुंपणावर चढवलेले, ज्याच्या निळ्या-जांभळ्या तंतूंना कौरव आणि मधल्या पाच परागकोशांना पांडव म्हणून आपण लहानपणी मोजतो, ते कृष्णकमळ ज्या पॅसिफ्लोरा गणातले आहे, तो मुख्यत्वे अमेरिकेचाच रहिवासी आहे. आपल्या अंगणातील फूल पसरट व उथळ असते, आणि मोठा काळा भुंगा त्यावर बसून, पाठीला पराग माखून घेत, मधुरस पितो. अँडीजमधील पॅसिफ्लोरा मिक्स्टा या वेलीच्या गुलाबी फुलाने मात्र वेगळी तजवीज केली आहे. त्याच्या पाकळ्यांमागे एक अरुंद, दीर्घ नलिका जाते. मधुरस तिच्या तळाशी असतो, आणि परागकोश व कुक्षी नलिकेच्या मुखापुढे, येणाऱ्याच्या वाटेवर, उभे असतात. या वेलीची एक बहीण फळांसाठी मळ्यांतून लावली जाते. इक्वेडोरच्या बाजारात ‘ताक्सो’ या नावाने मिळणाऱ्या त्या लांबट फळाचा आंबटगोड रस घराघरांत प्यायला जातो.

अशा एका फुललेल्या वेलीसमोर बसून राहणे, एवढेच माझे काम होते. धुके दाटले की फुले दिसेनाशी होत, विरळ झाले की पुन्हा प्रकट होत. या कामात डोळ्यांहून कानांचा भरवसा अधिक धरावा लागतो. प्रथम पंखांचा एक खोल, घुमणारा नाद ऐकू येई, आणि तो कोठून येतो याचा शोध घेईपर्यंत पक्षी फुलापुढे येऊन थांबलेला असे. फुलापासून थोडे अंतर राखून तो अधांतरी स्थिर होई, चोचीचे टोक नलिकेच्या मुखाशी जुळवून घेई. वाऱ्याने वेल हलली तर स्वतःही तितकाच सरके. आणि रेषा जुळली की सरळ पुढे येई. पाहता पाहता ती सबंध चोच फुलात दिसेनाशी होई, आणि पक्ष्याचा चेहरा परागकोशांना भिडे. काही क्षण केवळ पंखांची धूसर हालचाल तेवढी दिसे. मग ज्या रेषेने तो आत गेला त्याच रेषेने, तोंड न वळवता, मागे उडत बाहेर येई, आणि चोचीच्या मुळापाशी लागलेली परागांची पिवळसर धूळ घेऊन निघून जाई.

हे अधांतरी थांबणे किती कष्टाचे आहे, हे सहज ध्यानात येत नाही. आपल्याकडील शिंजीर निराळ्या कुळातला असून तो बहुधा फांदीवर किंवा देठावर बसून मध पितो. हमिंगबर्ड मात्र हवेतच उभा राहतो. इतर पक्ष्यांच्या पंखांचा खाली येणारा फटकाराच देहाचा भार तोलतो. हमिंगबर्डचा पंख खांद्यापाशी असा फिरतो की वर जाणारा फटकाराही वाया जात नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हवेच्या प्रवाहांचे मोजमाप करून असे दाखवण्यात आले की देहाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार खालचा फटकारा आणि उरलेला एक-चतुर्थांश वरचा फटकारा उचलतो. 3500 मीटर उंचीवरील विरळ हवेत, पुढे एवढी लांब चोच रोखून हे साधणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक थांब्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मधुरसातूनच भरून काढावी लागते.

तो मधुरस तोंडात येतो कसा, याविषयी शतकाहून अधिक काळ एक चुकीचे मत रूढ होते. जिभेच्या बारीक पन्हाळींतून केशाकर्षणाने रस आपोआप वर चढतो, असे मानले जाई. आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी 2011 साली अतिवेगवान चित्रणाच्या साहाय्याने दाखवून दिले की प्रकार वेगळाच आहे: दुभंगलेल्या जिभेचे टोक रसात बुडताच तिच्या कडांवरील सूक्ष्म झालरी उलगडतात, आणि जीभ बाहेर ओढली जाताना त्याच झालरी मिटून थेंब पकडून आणतात. खड्गचंचूच्या बाबतीत हे सर्व अंधाऱ्या नलिकेच्या तळाशी, डोळ्यांपासून बोटभर नव्हे तर वीतभरास पोहोचू पाहणाऱ्या अंतरावर घडते.

एका फुलातील रस थोडा, आणि एका वेलीवर एकाच वेळी उमललेली फुले मोजकी. म्हणून एखादे झाड अडवून त्यावर पहारा ठेवण्याचा जो रिवाज इतर पुष्कळ हमिंगबर्डांत दिसतो, तो या पक्ष्यास परवडत नाही. जुन्या काळचा मामलेदार जसा ठरलेल्या गावांची ठरलेल्या क्रमाने फिरती करी, तसा हा पक्षी दूरदूर विखुरलेल्या वेलींची वहिवाट राखतो. एका वेलीचा पराग दुसऱ्या वेलीच्या कुक्षीपर्यंत पोहोचतो तो या फिरतीमुळेच. त्याच्या वाटेवर ‘ग्वांतो’ची झुडपेही असतात. आपल्या धोत्र्याच्या कुळातील या झुडपाला लाल-केशरी, लांबलचक फुले खाली लोंबतात, आणि तेथे पक्षी फुलाखाली येऊन चोच उभी वर घालतो. या वाटेवर चोऱ्याही होतात. आकडीसारखी चोच असलेले फूलभेदे पक्षी नलिकेच्या बुडालाच भोक पाडतात आणि परागांना स्पर्शही न करता रस चोरून नेतात. मी पाहिलेल्या पुष्कळ फुलांच्या बुडाशी अशी तपकिरी कडांची छिद्रे होती.

चोचीचा लाभ असा, तर तिचा बोजाही तसाच. पक्षी आपली पिसे चोचीने साफ करतात. खड्गचंचूची चोच अंगाकडे वळण्याच्या पलीकडे गेलेली असल्याने ते काम त्याला पायांनी करावे लागते, आणि फांदीवर तोल सावरत, इवलासा पाय मानेपर्यंत नेऊन तो पिसे विंचरताना दिसतो. विसावताना चोच आडवी ठेवली तर मानेवर भार येतो, म्हणून ती तिरपी, आभाळाकडे रोखून तो बसतो. नुसत्या साखरेवर देह चालत नाही, प्रथिनांसाठी कीटक लागतातच. ते तो उडता उडता, जबडा उघडा ठेवून टिपतो.

अँडीजमधील रात्र गारठ्याची असते, आणि दिवसभर मिळवलेला साठा अशा रात्रीत सहज संपू शकतो. या पर्वतातील पुष्कळ हमिंगबर्डांनी त्यावर काढलेला उपाय जडनिद्रेचा: देहाची ऊब ते जवळजवळ सोडून देतात. पेरूमध्ये सुमारे 3800 मीटर उंचीवर केलेल्या निरीक्षणांत एका काळसर जातीच्या हमिंगबर्डचे तापमान रात्री 3.26 अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद झाली, आणि 2020 साली ती प्रसिद्ध झाली. जागृतीत ज्यांचे हृदय मिनिटाला हजारांहून अधिक ठोके देऊ शकते, तेच जीव पहाटे पुन्हा ऊब आणून कामाला लागतात. इतक्या थोड्या शिलकीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या वाटेवरचे एक फूल कमी होणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

स्टेफान अब्राहामचिक, डॅनिएल सोउतो-विलारोस व सुझान रेनर यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पॅसिफ्लोराच्या या अँडीजवासी शाखेतील 37 जातींची दीर्घ नलिका या एकाच पक्ष्यावर विसंबून आहे, आणि फूल व पक्षी यांचा हा करार सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वीपासून चालत आला आहे. त्याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट पुढे आणली: या शाखेतील काही वेली कालांतराने करारातून बाहेर पडल्या, त्यांच्या नलिका आखूड झाल्या, आणि वटवाघळे किंवा आखूड चोचीचे हमिंगबर्ड त्यांचे परागवाहक बनले. म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा आहे. पण तो लक्षावधी वर्षांच्या गतीने उघडतो, आणि कुऱ्हाडीची व कुरणासाठी लावलेल्या आगीची गती त्याहून फार निराळी आहे. लिंडबर्ग व ओलेसन यांनी 2001 साली पॅसिफ्लोरा मिक्स्टाविषयी लिहिताना या पराकाष्ठेच्या परस्परावलंबनाच्या नाजूकपणाकडेच लक्ष वेधले होते.

खड्गचंचू आज संकटग्रस्त जातींच्या यादीत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पाहुण्यांना दर्शन घडावे म्हणून यानाकोचासारख्या ठिकाणी साखरपाण्याची भांडी टांगतात, आणि त्यांवर तो येतोही. पण त्या भांड्यांतून पराग वाहिला जात नाही, आणि बी धरण्यासाठी वेलीस तो पक्षी फुलावरच यावा लागतो. म्हणून फूल व पक्षी यांच्या या कराराचे रक्षण करावयाचे तर एखादा पक्षी किंवा एखादे रान राखून भागणार नाही; एका वेलीपासून दुसऱ्या वेलीपर्यंतची सबंध वाट, तिच्यामधल्या दऱ्या, ओढ्याकाठचे रानाचे तुकडे आणि शेताच्या बांधावरची ग्वांतोची झुडपे, असे सर्व राखावे लागेल. आपल्या सह्याद्रीतही कोणत्या फुलावर कोण येतो आणि तेथून तो कोठे जातो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने एका वेलीपुढे सबंध दिवस बसावे. संरक्षणाचा विचार त्या बैठकीपासूनच सुरू झाला पाहिजे.